कशावरून? इतिहासकार भूतकाळ शोधतात तो कसा, नाशिकच्याच उदाहरणांवरून

सिंहस्थ जवळ यायला लागला की नाशिककरांच्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक ठराविक मेसेज फिरायला लागतो, "नाशिकचा हा इतिहास तुम्हाला शाळेत शिकवलाच नाही", खाली पाच-सहा ओळी, एक फोटो, आणि शेवटी अभिमान असेल तर पुढे पाठवा. दुसरीकडे २०२३ पासून बातम्यांमध्ये सतत गॅझेटियर, मोडीतल्या नोंदी, कुणबी नोंदी हे शब्द येतायत. न्या. शिंदे समिती नेमली गेली, कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली, मग सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरवरून शासन निर्णय आला. साध्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो की एका जुन्या कागदावर एवढं सगळं कसं काय अवलंबून असतं, आणि तो कागद खरा की खोटा, त्यातून नक्की काय सिद्ध होतं, हे ठरवतं कोण आणि कसं.

हे ठरवण्याची एक पद्धत आहे आणि ती समजायला पीएचडी लागत नाही, फक्त प्रत्येक दाव्याला "कशावरून?" असं विचारायची सवय लागते. ती पद्धत आपल्या नाशिकमधल्याच उदाहरणांवरून सांगतो, कारण या बाबतीत आपण खरंच श्रीमंत आहोत आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं.

भूतकाळ गेला, उरल्या त्या खुणा

भूतकाळ म्हणजे जे घडलं ते सगळं. ते आता कुणालाच परत बघता येत नाही, इतिहासकारालाही नाही. मागे उरतं ते म्हणजे पत्रं, हिशेब, नाणी, शिलालेख, निवाडे, पडके वाडे, ओव्या, आठवणी. यांना इतिहासाच्या भाषेत साधनं म्हणतात. त्यात घटनेच्या वेळचं, त्या वेळच्या माणसाने केलेलं ते अस्सल साधन, आणि नंतर कुणीतरी ऐकून-वाचून लिहिलेलं ते दुय्यम. आणि या साधनांवरून, तपासून, काय घडलं असावं आणि का घडलं असावं याची जी मांडणी करतात ती म्हणजे इतिहास. म्हणजे इतिहास हा कुणीतरी पुराव्यानिशी केलेला दावा असतो, म्हणूनच त्याला पुरावा मागता येतो.

आपल्याकडे स्थळ आलं की घरचे चौकशी कशी करतात बघा. मुलाचा बायोडेटा स्वतः मुलाकडच्यांनीच लिहिलेला, त्यात सगळं गोडच असणार. मध्यस्थाला लग्न जमवायचंच असतं. शेजारी बोलतात खरं पण त्यांचं पार्किंगवरून भांडण झालेलं असू शकतं. म्हणून आपण एकावर विसंबत नाही, चार ठिकाणी विचारतो, कोण का सांगतंय ते बघतो, आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा दोघांनी एकच गोष्ट सांगितली की आपला विश्वास बसतो. शिवाय जे सहज बोलता बोलता निघून जातं, "तो काय रोज रात्री उशिराच येतो", ते बऱ्याचदा मुद्दाम सांगितलेल्यापेक्षा जास्त कामाचं असतं. इतिहासकार नेमकं हेच करतो, फक्त त्याच्याकडे बोलणारी माणसं नसतात, वस्तू असतात.

पांडवलेणीच्या भिंतीवर एका आईने केलेलं कौतुक

पांडवलेणीला आपण सगळेच गेलोय. पण तिथल्या ३ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर वर बघितलंत तर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख आहे. तो गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या आईचा. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भिक्खूंना दान दिलं आणि तेव्हा आपल्या मुलाचं वर्णन कोरून ठेवलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरात वंश (त्याचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजांचं घराणं) निःशेष केला, वगैरे.

आता विचारा, कशावरून? आई मुलाबद्दल सांगतेय, तेही तो गेल्यावर, तेही दानलेखात. अशा स्तुतीच्या मजकुराला प्रशस्ती म्हणतात आणि प्रशस्तीत मीठमसाला असतोच. मग हे सोडून द्यायचं का? नाही. दुसरीकडे विचारायचं.

त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे, गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाचा. हा साधा सरकारी हुकूम आहे. राजा लष्करी छावणीतून गोवर्धन इथल्या (नाशिकजवळचं त्या वेळचं ठाणं) अमात्याला कळवतोय की अमुक गावातलं २०० निवर्तनं (जमीन मोजायचं तेव्हाचं माप) शेत, जे आजवर उषभदत्ताकडे होतं, ते आता भिक्खूंना दिलंय. बास. कौतुक नाही, काव्य नाही. पण सहज बोलता बोलता एक मोठी गोष्ट निघून गेली, कारण उषवदात (याच नावाचं दुसरं रूप) हा क्षहरात राजा नहपानाचा जावई, आणि बहुतेक अभ्यासक हा उषभदत्त तोच असं मानतात. त्याची जमीन आता गौतमीपुत्र वाटतोय म्हणजे नाशिकचा ताबा बदलला. याच्यापुढचा, २४ व्या वर्षाचा हुकूम तर मला फार आवडतो, त्यात म्हटलंय की आधी दिलेलं ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही ओस पडलंय, तरी त्याऐवजी शहराच्या हद्दीवरची आमची १०० निवर्तनं द्या. लढाईनंतर गाव उठून गेलं होतं का? लेख तेवढं सांगत नाही, म्हणून इतिहासकारही "असू शकेल" एवढंच म्हणतो. हे "असू शकेल" म्हणणं म्हणजे कच्चेपणा नाही, पुरावा जिथे संपतो तिथे थांबणं आहे.

आता तिसरा साक्षीदार, आणि हा तर जमिनीतून निघाला. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची. पण त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर नंतर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला. नवीन ठसा जुन्यावरच हाणल्यामुळे काही नाण्यांवर खालून नहपानाचा चेहरा अजून दिसतो आणि वर सातवाहनांची चिन्हं. नाणी वितळवून नवीन पाडायला वेळ आणि खर्च, आणि पैसा तर लगेच चालवायचाय, म्हणून जुन्यावरच ठोकलं असणार. म्हणजे आईचं कौतुक, सरकारी हुकूम आणि हजारो नाणी, तिन्ही वेगवेगळ्या हेतूने तयार झालेल्या गोष्टी, आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. इथे इतिहासकार ठामपणे म्हणू शकतो की गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला.

पण लगेच सगळी प्रशस्ती खरी झाली असं नाही हं. कारण थोड्याच वर्षांत क्षत्रपांचं दुसरं घराणं वर आलं, आणि त्यातला रुद्रदामन इ.स. १५० च्या जुनागडच्या लेखात सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं आणि जवळचं नातं असल्याने सोडून दिलं. हीसुद्धा प्रशस्तीच, फक्त समोरच्या बाजूची. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचायचं असतं.

लेण्यांमधून फक्त राजे कळतात असंही नाही. १० नंबरच्या लेण्यात याच उषवदाताचा एक लेख आहे, त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापणं (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवली, व्याज दरमहा शेकडा एक, आणि त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणं द्यायची. हिशेब करून बघा. महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा किती, तर २४०. म्हणजे लेखाचा अर्थ आपण बरोबर लावलाय याची खात्री आकडेमोडीतूनच मिळते. जवळपास १९०० वर्षांपूर्वी नाशिकमध्ये विणकरांचा संघ ठेवी घेऊन व्याज देत होता आणि ती ठेव कधीही मोडायची नाही अशी अट होती, हे वाचलं की मला तर कुठल्याही लढाईपेक्षा जास्त भारी वाटतं.

कागद हातात आला म्हणजे लगेच वाचता येतो असं नाही

मराठ्यांच्या काळातले बहुतेक कागद मोडीत. अक्षरं जोडून, हात न उचलता लिहिलेली, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असे हजारो रुमाल आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. कोट्यवधी कागद, त्यातले फार थोडे छापले गेलेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले आणि १८९८ पासून त्याचे खंड काढले, एकूण २२, नाहीतर त्यातलं कितीतरी वाळवीने खाल्लं असतं.

वाचता आला तरी तारखेचं कोडं असतंच. पत्रावर लिहिलेलं असतं, सन इहिदे सबैन व अलफ. हे अरबी आकडे, एक, सत्तर आणि हजार, म्हणजे सुहूर सन १०७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे (वर्षाचा कोणता भाग त्यावर) की इसवी सन निघतं, १६७०-७१. कुठे शके, कुठे फसली, कुठे हिजरी, कुठे राज्याभिषेक शक. एका कालगणनेतून दुसरीत जाताना दिवस चुकला की पुढचं सगळं चुकतं, त्यामुळे इतिहासकार तारखेवर एवढे का भांडतात ते लक्षात येईल.

मग कागद खरा की बनावट ते बघायचं. मायना त्या काळातला आहे का, शिक्का बरोबर आहे का, ज्या माणसाला पत्र लिहिलंय तो तेव्हा जिवंत होता का, जी पदवी वापरलीय ती तोवर मिळाली होती का. वतनाच्या भांडणात लोक खोट्या सनदा सर्रास करायचे, तेव्हाही.

तारीख बदलली, मग आधी काय खोटं सांगत होते का?

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचंच घ्या. बरीच वर्षं शके १५४९ वैशाख, म्हणजे १६२७ हे साल धरलं जायचं, कारण बखरींमध्ये तसं होतं. आता बखर म्हणजे नंतर लिहिलेली हकीकत, त्यातली चिटणीसांची बखर तर १८१० च्या आसपासची, महाराजांच्या जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेली. मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे वर्षवार कोरड्या नोंदी, अमुक दिवशी अमुक झालं, पुढे. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एवढ्यावरून लगेच कुणी मानलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण तिच्यातल्या इतर बऱ्याच तारखा मोगल आणि इंग्रजी कागदांशी ताडून बघितल्या तर जुळत होत्या. पुढे महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचं शिवभारत हाती आलं, त्यातही हीच तिथी. राजस्थानात जोधपूरकडची एक जन्मपत्रिका मिळाली, तिच्यातही हीच. वाद तरीही चालूच राहिला आणि २००१ मध्ये राज्य सरकारनेही ही तारीख स्वीकारली.

म्हणजे १६२७ म्हणणारे खोटारडे नव्हते, त्यांच्या हातात जे होतं त्यावरून ते म्हणत होते. चांगलं साधन मिळालं, तारीख बदलली. मला उलट जो इतिहास नवीन पुराव्यानेही बदलायला तयार नसतो त्याचीच भीती वाटते.

जिंकलेलेच इतिहास लिहितात ना?

थोडं खरं आहे, पण पूर्ण नाही. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत येत असताना चांदवडजवळ मोगलांनी गाठलं आणि १७ तारखेला वणी-दिंडोरीच्या बाजूला लढाई झाली. मोगलांकडून दाऊदखान. या लढाईबद्दल आपल्याकडे सभासद बखरीत आहे, तीन हजार मोगल मारले, तीन-चार हजार घोडे पाडाव केले. आणि मोगलांकडून भीमसेन सक्सेना याने आपल्या आठवणींत लिहिलंय, तो मोगलांच्या बाजूने तिथे होता. हरलेल्या बाजूचा माणूस, तरी त्याने लिहिलं आणि ते टिकलं. आकडे घेताना इतिहासकार हात आखडता घेतो, कारण सभासदाने जवळपास २७ वर्षांनी जिंजीला बसून लिहिलंय. पण मोगलांना जबर फटका बसला हे त्यांच्याच माणसाच्या लिखाणातून निघतं, तेव्हा शंकेला जागा उरत नाही. स्वतःला अडचणीचं जे माणूस कबूल करतो त्याला वजन जास्त.

खरी अडचण हरलेल्यांची नाही, ज्यांना लिहूच दिलं नाही त्यांची आहे. काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी बांधलं, त्याबद्दल सांगायला साधनं आहेत. पण पिढ्यान्पिढ्या ज्यांना त्या दारातून आत येऊ दिलं नाही त्यांनी त्याबद्दल काय भोगलं, काय म्हटलं, याचे कागद कुठे शोधणार? जवळजवळ नाहीतच. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तिथून एकदम साधनं बोलायला लागतात, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रं. म्हणून १९३० च्या आधी कुणाची तक्रारच नव्हती असं म्हणायचं का? अजिबात नाही. कागद गप्प आहेत याचा अर्थ माणसं गप्प होती असा होत नाही. बायकांबद्दल तर हे आणखीच खरं आहे, म्हणून अभ्यासक जात्यावरच्या ओव्या, न्यायनिवाडे, देणग्यांच्या याद्या असल्या आडवाटेच्या साधनांकडे वळतात.

आमच्याकडे पूर्वापार सांगतात, ते काय खोटं?

लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, पण भिंतीवरच्या लेखांत पांडव कुठेच नाहीत, आहेत ते बौद्ध भिक्खू, राजे, अमात्य, व्यापारी. मग नाव खोटं? लोकांनी मोठी कोरीव लेणी पांडवांशी जोडली आणि ही समजूत स्वतःच इतिहासाचा भाग आहे. ती कधीपासून दिसते, लेण्यातले भिक्खू गेल्यावर लोक त्या जागेकडे कसं बघायला लागले, हे विचारता येतं. पंचवटीबद्दलही तेच. श्रद्धेचा प्रश्न वेगळा आणि इतिहासाचा वेगळा, इतिहासकार एवढंच विचारतो की इथे यात्रा कधीपासून भरते याचा माग कुठपर्यंत लागतो.

आणि सांगोवांगीला लिखित जोड मिळते तेव्हा तर मजाच. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या बघा, त्र्यंबकलाही आहेत. गाव, आडनाव सांगितलं की गुरुजी वही काढतात आणि तुमचे पणजोबा कुणाच्या अस्थी घेऊन आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली नोंद समोर येते. भावांची नावं, मुलांची नावं, मूळ गाव. आजी सांगायची की आपण मूळचे खानदेशातले, ते तिथे सापडू शकतं. पण तिथेही कशावरून हा प्रश्न सोडायचा नाही, आलेल्या माणसाने जे सांगितलं तेच लिहिलं गेलं, आणि घराण्यातले वरचे पुरुष त्याने ऐकीव सांगितलेले असू शकतात. त्याची स्वतःची पिढी पक्की, वरच्या पिढ्या थोड्या सैल.

मग दोन इतिहासकारांचं एकमत का नसतं?

कारण काय घडलं आणि त्याचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये शारदा नाटक बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या, एप्रिल १९१० मध्ये ठाण्याला कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना फाशी झाली. यावर वाद नाही. पण कुणी बाबाराव सावरकरांच्या शिक्षेचा बदला म्हणून याकडे बघेल, कुणी गुप्त संघटनांच्या जाळ्याचा भाग म्हणून, कुणी हे विचारेल की हा जॅक्सन तर संस्कृतचा अभ्यासक होता, मग राज्यकर्ता म्हणून तो कसा वागला. यातला कोणता अर्थ जास्त पटतो ते कोण किती पुरावे सांभाळून घेतो त्यावर ठरतं. आपल्या सोयीचे चार कागद दाखवून नको असलेले दोन लपवले तर तो इतिहास नाही, ती वकिली झाली. तळटीपा यासाठीच असतात, की वाचणाऱ्याने स्वतः जाऊन तपासावं.

म्हणून पुढच्या वेळी फॉरवर्ड आला की बघा, साधनाचं नाव आहे का, ते घटनेच्या किती जवळचं, लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं, दुसरीकडे कुठे दुजोरा आहे का. "ब्रिटिश गॅझेटियरमध्ये लिहिलंय" एवढंही पुरेसं नाही, कारण गॅझेटियर म्हणजे साहेबाने कारभारासाठी जमवलेली जिल्ह्याची माहिती, त्यातली लोकसंख्या आणि पिकं भरवशाची वाटली तरी जातींच्या उगमाबद्दलचं लिखाण बरंचसं ऐकीव आणि त्या काळच्या समजुतींतून आलेलं आहे.

आणि एक अगदी कळकळीचं. जुन्या नाशकातले वाडे भराभर पाडले जातायत, माळ्यावरच्या ट्रंका थेट रद्दीत जातात. घरात मोडीतले कागद, हिशेबाच्या वह्या, जुनी पत्रं निघाली तर टाकू नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्हीने कागद कायमचा खराब होतो. उन्हात वाळवू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा, कोरड्या जागी ठेवा, मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आणि कागद ज्या क्रमाने निघाले तो मोडू नका, कोणत्या ट्रंकेत, कोणाच्या खोलीत, कशासोबत सापडले ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घाला, कारण कागद कुठून आला हेच हरवलं तर उद्या तो वाचणाऱ्याला कशावरून याचं उत्तर देता येत नाही.